पोंग्याची ज्वारी

वस्तीवर परतल्यानंतरच्या चौथ्या दिवाळीत, कार्तिकी एकादशीच्या दिवशी आमची खिलार गाय मेली. तिला घातलेला चारा कापला भाच्यानं, पण कापायला सांगितलं मी. हे पहिल्यांदा सांगतो, कारण त्या दिवसापासून ते पोर स्वतःलाच दोष देत होतं, आणि दोष त्याचा नव्हता.

आमची वस्ती माढा तालुक्यात, गावापासून दीडेक किलोमीटर आत. २०२० च्या टाळेबंदीत चाकणची नोकरी सुटली आणि बायको-मुलांना घेऊन मी इथं आलो. आई आणि आण्णा आधीपासून वस्तीवरच होते. एक गाय, तिची कालवड, एक पंढरपुरी म्हैस, सात-आठ उस्मानाबादी शेळ्या आणि खुराड्यात गावरान कोंबड्या एवढा बारदाना. कामाची वाटणी आपोआप होऊन गेली. शेत माझं, दुधाचा हिशेब बायकोचा आणि गोठा आईचा. आई कुठल्या जनावराला काय घालते, काय घालत नाही, कधी सोडते, कधी बांधते हे मी तीन वर्षं रोज बघत होतो. असंच का, हे मात्र एकदाही विचारलं नाही. घरातलं माणूस करतंय म्हणजे ते होतंयच, असं आपण धरून चालतो.

२०२३ साल वाईट होतं. ऑगस्ट कोरडा गेला, उजनी भरलीच नाही. ३१ ऑक्टोबरला सरकारनं राज्यातले चाळीस तालुके दुष्काळी जाहीर केले, त्यात आमचा माढाही होता. रब्बीची ज्वारी आम्ही ऑक्टोबरच्या सुरुवातीला, असेल त्या ओलीवर पेरली. काळ्या रानातली कशीबशी उभी राहिली. वरच्या मुरमाड पट्ट्यातली गुडघ्याएवढी होऊन थांबली. दुपारी तिची पानं सुरळी होऊन उभी राहायची आणि संध्याकाळी थोडी उलगडायची. कडब्याची गंज तळाला गेली होती.

दिवाळीच्या सुट्टीत बहिणीचा मुलगा आला होता. अकरावीतला, कामाला वाघ. शेण काढणं, पाणी दाखवणं, धार काढताना वासरू धरणं, सगळं मन लावून करायचा. आई दशमीला एसटीनं पंढरपूरला गेली. जाताना उंबऱ्यात थांबून एवढंच म्हणाली, "जनावरांकडं बघा रे." बघतो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी, २३ नोव्हेंबरला सकाळी, मोटार दुरुस्तीला टाकायला मी कुर्डुवाडीला निघालो. जाताना त्या मुरमाड पट्ट्याशी थांबलो आणि भाच्याला म्हणालो, "हिला काय आता कणीस धरत नाही. वाया जाण्यापेक्षा जनावराच्या तोंडी जाऊ दे. दोन वझी काप आणि गाईला टाक." गाय सकाळपासून उपाशी होती. पोरानं मामाचं ऐकलं.

साडेअकराला बायकोचा फोन आला. गाय थरथरतेय, तोंडाला फेस आलाय, श्वास जोरजोरात चाललाय. मी निम्म्या वाटेवर असताना दुसरा फोन आला, गाय पडली. पशुवैद्यक दुसऱ्या गावात एका अडलेल्या म्हशीजवळ होते. तिला मोकळं करून ते आले तोवर पाऊण तास गेला होता. गाय पाय झाडून शांत झाली होती आणि कालवड खांबाला टेकून झुलत उभी होती. ती पेंढीतलं निवडून खाणारी, म्हणून तिच्या पोटात थोडंच गेलं होतं. तिला शिरेतून इंजेक्शनं दिली. तासाभरानं तिनं कान हलवले.

डॉक्टरांनी मला जवळ बोलावलं आणि मेलेल्या गाईच्या डोळ्याची खालची पापणी बोटानं ओढून दाखवली. आतली कातडी लालभडक होती, ताज्या डाळिंबाच्या दाण्यासारखी. गुदमरून मेलेलं जनावर निळं-काळं पडायला हवं, हे लाल कसं? ते म्हणाले, रक्तात प्राणवायू भरपूर आहे, पण शरीराला तो वापरताच आला नाही.

ज्वारीच्या कोवळ्या पानांत धुरिन नावाचं द्रव्य असतं. ताट जनावरानं चावलं, ते पोटात गेलं की त्यातून हायड्रोसायनिक आम्ल सुटतं. म्हणजे सायनाईडच. गाई-म्हशींच्या पोटातले जंतू हे काम फार लवकर करतात. पेशींना प्राणवायू घेता येत नाही आणि भरल्या रक्तानिशी जनावर गुदमरतं. लक्षणं पंधरा-वीस मिनिटांत दिसू शकतात आणि पोटात जास्त गेलं असेल तर तासाभरात सगळं संपतं. जुनी माणसं याला किरळ लागणं म्हणतात. पीक जितकं कोवळं तितकं विष जास्त. पाण्याच्या ताणानं खुरटलेलं, पानं गुंडाळलेलं पीक त्याहून वाईट. आणि खुरटलेल्या पिकावर पाऊस पडून एकदम लुसलुशीत फूट आली, किंवा कापलेल्या बुडख्यातून नवे फुटवे आले, तर तेही तितकंच घातकी. मी नेमका सगळ्यात वाईट तुकडा निवडला होता, आणि तो उपाशी जनावराला घाला म्हणून सांगितलं होतं. उपाशी जनावर भराभर ओढतं, म्हणून विषही एकदम चढतं.

ही तीच ज्वारी, जिचा हुरडा आपण पौषात आगटीभोवती बसून खातो आणि जिच्या कडब्यावर आपली जनावरं उन्हाळा काढतात. विष आहे ते तिच्या पोंग्याच्या दिवसांत. पीक फुलोऱ्यात आलं की ते उतरत जातं, आणि ताटं पूर्ण वाळली की उडून जातं, म्हणून कडब्याला भीती नाही. पूर्ण वाळणं मात्र खरं हवं. सकाळी कापून दुपारी मलूल झालेला चारा वाळलेला नसतो. फुलोऱ्याच्या आधीची ज्वारी हिरवी घालू नका आणि तिच्या रानात जनावर मोकळं सोडू नका. बांधाला बांधायचं झालं तर दावं मोजून आखूड ठेवा, मान लांबवली तरी तोंड पिकाला पोचता कामा नये. आणि हिरवा चारा कुठलाही असो, आधी मूठभर का होईना वाळली वैरण पोटात जाऊ द्या.

जनावराला धाप लागली, फेस आला, ते झोकांड्या खाऊ लागलं तर आधी पुढ्यातला चारा ओढून काढा, मग फोन करा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा नंबर आहे. फोनवर पहिलं वाक्य "कोवळी ज्वारी खाल्लीय" हेच असू द्या, म्हणजे डॉक्टर तेच औषध हाताशी घेऊन निघतील. यावर उतारा आहे, पण तो शिरेतून द्यावा लागतो आणि वेळेत द्यावा लागतो. आमच्याकडं शेजारच्या वस्तीवरचे लोक धावत आले आणि कुणी गुळाचं पाणी, कुणी ताक पाजायला बघत होतं. धापा टाकणाऱ्या, पडलेल्या जनावराच्या तोंडात काही ओतलं तर ते फुप्फुसात जायची भीती असते. डॉक्टरांना फोनवर विचारल्याशिवाय काही पाजू नये.

आई द्वादशीला परतली. पिशवीत चुरमुरे, बुक्का, नातवंडांसाठी पितळी टाळ. गोठ्यातली रिकामी जागा बघून ती दावणीपाशी खाली बसली. बऱ्याच वेळानं विचारलं, "पोंग्याची जवारी कुणी घातली?" भाचा तिथंच उभा होता. त्यानं आदल्या दिवसापासून धड जेवण केलं नव्हतं. मी म्हणालो, मी सांगितली घालायला. आईनं त्याला जवळ ओढलं आणि म्हणाली, "तुझं काय चुकलं रे बाबा. चाळीस वर्षं मला म्हाईत हाय, मी कुणाला बोलले न्हाय." मग त्याला हाताला धरून त्या पट्ट्यात घेऊन गेली. ताट उपटून त्याचा पोंगा सोलून दाखवला, कुठलं पान कोवळं, फुलोऱ्यातलं ताट कसं दिसतं, कापलेल्या बुडख्यातून फूट कशी येते. मी मागं उभा राहून ऐकत होतो. बेचाळीस वर्षांचा माणूस, आणि त्यातलं निम्मं मी पहिल्यांदा ऐकत होतो.

त्याच आठवड्यात राज्यात ठिकठिकाणी अवकाळी पाऊस झाला. आमच्याकडं आभाळ भरून आलं तेव्हा आईनं पहिल्यांदा त्या पट्ट्याला काटेरी फांद्या लावून घेतल्या.

त्यानंतर एका रात्री आम्ही सगळे गोठ्यात बसलो. आण्णा, मुलं, भाचासुद्धा. आईनं थंडीत काय करायचं आणि काय नाही ते बोलून दाखवलं आणि मुलीनं ते खडूनं भिंतीवर लिहिलं. त्यातलं थोडं इथं देतो.

या दिवसांत ऊसतोड सुरू होते आणि वाढे भरपूर मिळतात. सोलापूर जिल्ह्यात थंडीभर कित्येक गोठे नुसत्या वाढ्यावर चालतात. वाढ्यात ऑक्झलेट असतं, ते अंगातलं कॅल्शियम धरून ठेवतं, आणि दुभतं जनावर आतून झिजत जातं. आई वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडायची. मला ती जुनी सवय वाटायची. त्या निवळीतून जनावराला कॅल्शियम मिळतं, हे आता कळलं. तरीही नुसतं वाढं नको, निम्मी वाळली वैरण हवीच.

सकाळी दव असताना शेळ्या सोडायच्या नाहीत, ऊन वर आल्यावर सोडायच्या. ओला लसूणघास पोटभर घालायचा नाही, पोट फुगतं. हौदातलं रात्रीचं गार पाणी पहाटे पाजण्यापेक्षा विहिरीचं ताजं पाणी द्यायचं. लाळ-खुरकताची लस टोचल्याची तारीख भिंतीवरच लिहायची. ही कामं सगळ्यांना ठाऊक असतात, पण ती कुणी करायची हे ठरलेलं नसतं.

जास्त बोलायचंय ते करडांबद्दल, कारण तिथंही मी चुकलो आणि तेही काळजीपोटी. डिसेंबरात आमच्याकडं पारा बारा-तेरापर्यंत उतरतो, आणि त्याच दिवसांत शेळ्या वितात. गाय गेल्यापासून मी धास्तावलो होतो. म्हणून शेळ्यांच्या शेडला चारी बाजूंनी ताडपत्री बांधली, फट म्हणून ठेवली नाही. आठवड्यात दोन करडं खोकायला लागली. आई आत गेली, करडाजवळ मांडी घालून बसली आणि मला म्हणाली, "हितं बस आणि नाक वढ." उभं राहून काही जाणवत नव्हतं. खाली बसल्यावर मुताच्या वासानं डोळ्यांत पाणी आलं. तो अमोनिया. करडाचं नाक जमिनीपासून वीतभर, चोवीस तास ते हेच हुंगणार. त्या दिवशी ताडपत्री वरून हातभर खाली घेतली, वाऱ्याच्या बाजूला तेवढं गोणपाट ठेवलं, खाली वाळलेलं पाचट अंथरलं आणि ते रोज बदललं. करडं थंडीनं मरतात ती ओलीनं आणि अंगावर येणाऱ्या वाऱ्यानं. वरून हवा खेळली तर बिघडत नाही. जन्मल्यावर अंग कोरडं पुसून पहिल्या तासाभरात चीक पोटात गेला की निम्मी लढाई जिंकली, वार पडायची वाट बघत बसू नका. शेडमध्ये शेकोटी करू नका, धूर करडांच्या छातीत बसतो आणि बाजूला कडब्याची गंज असते.

मदतीला येणाऱ्या घरच्या माणसांबद्दल माझं मत आता पक्कं झालंय. मजुराला आपण काम तीनदा समजावून सांगतो, घरच्याला मात्र खुणेनं सांगतो. "जनावरांकडं बघ" हे सांगणं नव्हे. काय घालायचं, कुठल्या ढिगातलं, किती, आणि कशाला हात लावायचा नाही, एवढं ढीग दाखवून सांगितलं पाहिजे. भाच्यानं त्या सकाळी मला विचारलं होतं, "मामा, आजी ही घालत न्हाय ना?" मी घाईत होतो. म्हणालो, काही होत नाही. पोरानं प्रश्न विचारला तर गाडी बंद करून उत्तर द्या, आणि उत्तर माहीत नसेल तर ज्याला माहीत आहे त्याला फोन लावा. आईचा फोन त्या दिवशी चालू होता.

ती कालवड जगली. मोठी झाली, व्याली, आणि तिचं वासरू आईच्या मागं मागं फिरतं. भिंतीवरचं लिखाण दर दसऱ्याला पांढरा रंग देऊन नव्यानं लिहितो, आता भाचा येऊन लिहितो. तुमच्या वस्तीवर या दिवाळीला पोरं-पाहुणे येणार असतील तर फराळाच्या आधी त्यांना गोठ्यात न्या, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला बोलू द्या.