सागरतळाची सहल

मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात समुद्राखाली प्रवाळांची निराळीच सृष्टी आहे. १९८७ साली येथे सागरी अभयारण्य घोषित झाले. स्कूबा डायव्हिंगमुळे ही सृष्टी सामान्य पर्यटकालाही पाहता येते.

पाणबुड्याच्या पाठीवरील टाकीत निव्वळ प्राणवायू असतो, असा अनेकांचा समज आहे. वास्तविक तीत बहुधा दाबाखाली भरलेली साधी हवा असते. दर १० मीटर खोलीला पाण्याचा दाब एका वातावरणाइतका वाढतो. त्यामुळे हवेतील नत्रवायू रक्तात अधिक विरघळतो. खोलवर बराच वेळ राहिलेला पाणबुड्या एकदम वर आला, तर सोड्याची बाटली उघडावी तसे शरीरात बुडबुडे निर्माण होतात व प्रसंग जिवावर बेतू शकतो. श्वास रोखून वर आल्यास फुप्फुसांना इजा होते. म्हणून सावकाश वर यावे आणि श्वास अखंड चालू ठेवावा.

किनाऱ्याला लागताच धोका संपतो असे नाही. बंगळुरूमधील मारतहळ्ळी समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने शरीरात उरलेला नत्रवायू बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडू शकतो. म्हणून तेथे परतणाऱ्या पर्यटकाने एका बुडीनंतर किमान १२ तास व अनेक बुड्यांनंतर किमान १८ तास विमानप्रवास किंवा घाटाची चढण टाळावी. परतीचे तिकीट काढतानाच हा हिशेब करणे इष्ट.

पाठगत प्रश्न
१. पाणबुड्याने सावकाश वर का यावे?
२. बुडीनंतर लगेच घाट चढणे धोक्याचे का असते?