मेहर, जहेज आणि बहिणीची सही: रिवाज कुठे संपतो, दीन कुठे सुरू होतो?



आजचं वाचन: सूरह अन-निसा, आयत ४ आणि आयत ७.

या सूरहची सुरुवात आपण परवा वाचली. पहिल्या आयतीत अल्लाह सगळ्या माणसांना सांगतो की तुमची उत्पत्ती एकाच जिवापासून झाली, म्हणून अल्लाहचं भय बाळगा आणि रक्ताची नाती जपा. आणि लगेच दुसऱ्या आयतीत पैशांचा विषय निघतो: अनाथांचा माल त्यांचा त्यांना द्या. चौथ्या आयतीत मेहर, सातव्या आयतीत वारसा. मला हा क्रम फार बोलका वाटतो. नाती जपा म्हटल्यावर आपल्याला मायेचे शब्द, ईदची भेट, फोनवरची विचारपूस आठवते. कुरआन मात्र आधी हिशोब मागतो.

चौथ्या आयतीचा आशय असा: स्त्रियांना त्यांचा मेहर खुशीने द्या. त्यांनी आपण होऊन, मनापासून, त्यातला काही भाग तुम्हाला सोडला तर तो तुम्ही आनंदाने घेऊ शकता.

सातव्या आयतीचा आशय: आईवडील आणि जवळचे नातलग जे मागे ठेवून जातात त्यात पुरुषांचा हिस्सा आहे आणि स्त्रियांचाही हिस्सा आहे. मालमत्ता थोडी असो वा जास्त, हा हिस्सा ठरवून दिलेला आहे.

शब्द नीट वाचू या

चौथ्या आयतीत मेहरसाठी ‘सदुकात’ हा शब्द आला आहे. ‘सिद्क’ म्हणजे खरेपणा, त्याच धातूतून आलेला. निकाहात माणूस जे कबूल करतो ते खरं आहे याची ही खूण. दुसरा शब्द ‘निहला’: परतफेडीची अपेक्षा न ठेवता, राजीखुशीने दिलेली देणगी. म्हणजे मेहर ही बायकोची किंमत नाही आणि तलाक झालाच तर द्यायचा दंडही नाही.

हा हुकूम नेमका कोणाला आहे? बहुतेक भाष्यकार म्हणतात, नवऱ्यांना. पण तबरी आणि इब्ने कसीर यांच्या तफसीरमध्ये अशीही रिवायत आहे की त्या काळी मुलीचं लग्न लावून देणारा बाप किंवा वली मेहर स्वतःच ठेवून घ्यायचा, आणि या आयतीने ते बंद केलं. आणखी एक रीत होती, ‘शिगार’: तू तुझी मुलगी मला दे, मी माझी तुला देतो, मेहर कोणालाच नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी तीही मना केली.

म्हणजे ही आयत उतरली तेव्हा समोर एक जुना, रुळलेला रिवाज होता. ‘आमच्यात असंच चालतं’ म्हणणारी माणसं तेव्हाही होती. सूरह अल-बकराच्या १७० व्या आयतीत त्यांचीच गोष्ट आहे: अल्लाहने उतरवलं त्याप्रमाणे चला म्हटलं की ते सांगतात, आम्ही वाडवडिलांच्या वाटेनेच चालणार. त्यावर अल्लाह विचारतो, वाडवडिलांना समज नसली आणि वाट सापडलेली नसली तरी?

मग सगळे रिवाज वाईट का?

मुळीच नाही. इथे आपल्या वयाची मुलं दुसऱ्या टोकाला जातात. दोन व्हिडिओ बघायचे आणि घरी येऊन नानीच्या प्रत्येक गोष्टीवर बिदअतचा शिक्का मारायचा. दीन असं शिकवत नाही.

फिकहच्या पाच मोठ्या सूत्रांपैकी एक रिवाजाबद्दलच आहे. लोकांची रूढ रीत निर्णयात ग्राह्य धरावी, असा त्याचा अर्थ. म्हणून फकीह ‘उर्फ’चे दोन प्रकार करतात: शरीयतच्या हुकमाला धक्का न लावणारा तो सहीह, धक्का लावणारा तो फासिद.

बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत एक प्रसंग आहे. प्रेषितांसमोर (स.) भाजलेली घोरपडीसारखी सरड्याची जात वाढली गेली. त्यांनी हात मागे घेतला. खालिद बिन वलीद (रजि.) यांनी विचारलं, हे हराम आहे का? प्रेषितांनी (स.) नाही म्हटलं. आमच्या लोकांच्या मुलखात हे नसतं, म्हणून मला ते रुचत नाही, असं त्याचं कारण सांगितलं. खालिद (रजि.) यांनी ताट ओढून त्यांच्यासमोरच खाल्लं. प्रेषितांनी (स.) स्वतःची आवडसुद्धा दीन म्हणून कोणावर लादली नाही. आपण मात्र आपल्या गावची पद्धत शेजारच्या गावावर लादतो.

दुसरा प्रसंग. हजरत आयशा (रजि.) यांनी एका नवरीला अन्सारी नवऱ्याच्या घरी पोहोचवलं. प्रेषितांनी (स.) विचारलं की सोबत काही गाणं-करमणूक नव्हती का, कारण अन्सारांना ते आवडतं. मदीनेच्या लोकांची हौस त्यांना ठाऊक होती आणि ती त्यांनी मोडली नाही.

म्हणून ईदला कोकणात सांदण होईल, मराठवाड्यात नवरीच्या गळ्यात काळी पोत येईल, मेहंदी लागेल, दावतीत आपल्या चवीचा रस्सा असेल. यातलं काहीही दीन नाही आणि दीनविरुद्धही नाही. ते आपलं आहे, एवढं पुरे. कोकणातले बहुतेक मुसलमान शाफई आणि घाटावरचे बहुतेक हनफी, म्हणून मसल्यांतही फरक दिसतो. हनफींकडे मेहरची किमान मर्यादा १० दिरहम चांदी आहे, शाफईंकडे अशी किमान मर्यादा नाही. हा फरक अभ्यासातून आलेला आहे, त्यावरून भांडायचं कारण नाही.

मी स्वतःपुरते तीन प्रश्न ठरवले आहेत. या रिवाजामुळे अल्लाहने ठरवून दिलेला कोणाचा हक्क बुडतो का? तो न पाळल्यास माणूस गुन्हेगार ठरतो, असं आपण मानायला लागलो आहोत का? आणि त्याचा भार कोणावर पडतो: ज्याने निवडला त्याच्यावर, की ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्यावर? तिन्ही उत्तरं ठीक असतील तर खुशाल करा.

जहेज या चाचणीत का नापास होतो

चौथ्या आयतीत पैसा कोणत्या दिशेने जातो ते बघा. नवऱ्याकडून बायकोकडे. आपल्याकडे तो मुलीच्या घरून मुलाच्या घरी जातो. निकाहनाम्यात मेहर ७८६ रुपये, तोही ‘उधार’. आणि दारात बाइक, फर्निचर, फ्रीज, हॉलचं बिल. तोंडाने मात्र सगळे म्हणतात, ‘आम्हाला काही नको, तुमच्या मुलीला तुम्ही हौसेनं काय द्यायचं ते द्या.’ या वाक्याचा अर्थ मुलीच्या बापाला बरोबर कळतो.

मग कोणीतरी हजरत फातिमा (रजि.) यांचं उदाहरण देतं. हदीसमध्ये त्यांना दिलेल्या वस्तू आल्या आहेत: एक चादर, पाण्याची मशक, गवत भरलेली चामड्याची उशी. पण त्याच लग्नातली दुसरी बाजू सांगायची राहून जाते. हजरत अली (रजि.) यांच्याकडे द्यायला काही नव्हतं, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना त्यांच्या चिलखताची आठवण करून दिली आणि ते मेहर म्हणून द्यायला लावलं. शिवाय अली (रजि.) लहानपणापासून प्रेषितांच्याच (स.) घरात वाढलेले. वडीलधारा माणूस आपल्याच घरातल्या मुलाचा संसार मांडून देतो, त्याला जहेजची मागणी कसं म्हणणार?

अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांचं लग्न आठवा. खजुराच्या बीइतक्या वजनाचं सोनं मेहर दिलं आणि लग्न होऊन गेल्यावर प्रेषितांना (स.) कळलं. त्यांनी बरकतीची दुआ दिली आणि वलीमा करायला सांगितलं, एका बकऱ्याचा का होईना. खर्च कोणी करायचा? नवऱ्याने. आणि ज्या गरीब साथीदाराकडे लोखंडाची अंगठीसुद्धा निघाली नाही, त्याला सांगितलं की तुला येतं तेवढं कुरआन तिला शिकव. मेहर इतका सोपा केला, पण मुलीच्या बापाकडे बोट दाखवलं नाही.

देशाचा कायदाही हा फरक ओळखतो. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्यात हुंड्याची व्याख्या करताना मुस्लिमांचा मेहर त्यातून स्पष्टपणे वगळला आहे. कायद्याला जे कळलं ते आपल्या बैठकीत कळत नाही.

हक्कसोड: न दिसणारा रिवाज

जहेजवर आपण पोस्ट तरी टाकतो. सातव्या आयतीवर कोणी टाकत नाही, कारण तिथे फायदा आपला, भावांचा असतो.

हा रिवाज जुना आहे आणि त्याचा एक धागा मुंबईत आहे. १८४७ मध्ये मुंबईच्या तेव्हाच्या सुप्रीम कोर्टात खोजा आणि मेमन समाजातल्या वारशाचा खटला चालला. मुलींच्या बाजूने कुरआनमधला हिस्सा मागितला होता. मुख्य न्यायाधीश अर्स्किन पेरी यांनी निकाल दिला की या समाजांत मुलींना हिस्सा न देण्याचा रिवाज आहे आणि तोच चालेल. आयत आणि रिवाज समोरासमोर आले आणि रिवाज जिंकला. पुढे १९३७ चा शरीयत कायदा आला, तो अशा रिवाजांच्या जागी शरीयत लागू व्हावी म्हणूनच. तरी त्यातही शेतजमीन वगळली गेली. आयतीत मात्र तसा अपवाद नाही. थोडं असो वा जास्त, एवढंच आहे.

हे मी पुस्तकी म्हणून लिहीत नाही. अब्बांच्या इंतिकालाला सव्वा वर्ष झालं. मागे गावचं घर आणि थोडी शेती. आम्ही तिघं वारस: अम्मी, मी आणि धाकटी बहीण. वारस नोंदीचा विषय निघाला तेव्हा चाचा म्हणाले, ‘बहिणीकडून हक्कसोड करून घे, आपल्यात असंच करतात. तिच्या लग्नात भाईंनी काय कमी केलं होतं?’

यातली प्रत्येक गोष्ट तपासावी लागली. बापाने हयातीत दिलेली भेट ही वारशाचा ॲडव्हान्स नसते. वारशाचा हक्क मृत्यूनंतर निर्माण होतो, त्यामुळे आधीच्या भेटीने तो फिटत नाही. आणि वाटणीच्या आधी कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज, मग एक तृतीयांशापर्यंतची वसीयत. न दिलेला मेहर हे नवऱ्यावरचं कर्जच. अम्मीचा मेहर कधी दिलेलाच नव्हता. अब्बांच्या मय्यतीजवळ कोणीतरी तिला म्हणालं होतं, ‘मेहर माफ केला म्हणा.’ ती हो म्हणाली होती. नंतर मी तिला शांतपणे विचारलं. ती म्हणाली, ‘बेटा, त्या वेळी कोणी काहीही म्हणायला लावलं असतं तरी मी हो म्हणाले असते.’

आता चौथी आयत पुन्हा वाचा. आपण होऊन, मनापासून. जनाजा उचलायला माणसं खोळंबलेली असताना निघालेल्या ‘हो’ला मनापासून म्हणायचं का? आम्ही तो मेहर आधी अम्मीला दिला. मग बाकीच्याचे २४ भाग: अम्मीचा आठवा हिस्सा म्हणजे ३, माझे १४, बहिणीचे ७. (भावाला दुप्पट का, यावर ११ व्या आयतीच्या दिवशी सविस्तर बोलू, इन्शाअल्लाह.)

खरी अडचण बहिणीकडूनच आली. ती म्हणाली, ‘भाईजान, मला काही नको. माझं माहेर राहू दे.’ सात भाग सोडायला ती का तयार आहे, ते या दोन वाक्यांत आलं. हिस्सा मागितला की माहेर तुटतं, हे तिने आजूबाजूला बघितलं आहे. ती हक्क सोडत नव्हती, त्या हक्काने ईदला या घरी येण्याची परवानगी विकत घेत होती. ही खुशी नाही. मी तिला सांगितलं की आधी सात-बारावर तुझं नाव लागेल, कागद तुझ्या हातात येईल. त्यानंतर ठेव, विक, दे, तुझी मर्जी. माहेर वेगळं आहे, ते त्या कागदाच्या बदल्यात नाही. चाचा अजून नाराज आहेत. फेरफाराचा अर्ज दिला आहे. चाचांना सलाम करणं आणि त्यांच्याकडे जाणं मी सोडलेलं नाही, कारण पहिली आयतही याच सूरहची आहे.

आज करण्यासारखं

लग्न झालं असेल तर आपल्या निकाहनाम्यातला मेहर किती आणि दिला की नाही, ते आज बघा. बाकी असेल तर तारीख ठरवा. लग्न ठरत असेल तर मुलाने स्वतः, आईवडिलांच्या आडून नाही, स्पष्ट सांगावं की सामान येणार नाही. आणि घरात वारसा अडकला असेल तर बहिणीला ‘तुला हवंय का?’ असं विचारू नका. ‘हे तुझं आहे’ असं म्हणून तिच्या हातात द्या. मग ती जे सोडेल ते खरोखर तिने सोडलेलं असेल.

या अल्लाह, आमच्या वाडवडिलांच्या चांगल्या रीती आमच्यात टिकव, आणि ज्या रीतींनी कोणाचा हक्क खाल्ला त्या आमच्या पिढीत थांबव. आमच्या कमाईत दुसऱ्याचा हिस्सा मिसळलेला राहू देऊ नकोस. आमीन.

उद्या, इन्शाअल्लाह, आयत ८: वाटणीच्या वेळी दारात आलेले नातलग, अनाथ आणि गरीब.