आधी प्रश्न, मग सुई

डबल मार्करच्या रिपोर्टवर ठळक अक्षरांत 'हाय रिस्क' छापून आलंय आणि तेव्हापासून तुझ्या डोळ्याला डोळा नाही, असं ताई सांगत होती. मी सगळी नोकरी प्रसूती विभागात काढली. सोनोग्राफीच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून पाण्याची बाटली घोट घोट संपवणाऱ्या बायका रोज बघितल्या. आमच्या मोठ्या सिस्टर आम्हाला एक गोष्ट घोकून घ्यायला लावायच्या: पेशंटचे प्रश्न सुई टोचायच्या आधी संपले पाहिजेत. नंतर काहीही विचारलं तरी उत्तर एकच मिळतं, 'रिपोर्ट येऊ दे.' तेच तुला जरा सविस्तर सांगते.

आधी तो आकडा नीट वाच. तुझा १:१८० आहे. म्हणजे असा आकडा आलेल्या १८० जणींमध्ये एकीच्या बाळाला डाउन सिंड्रोम असतो, उरलेल्या १७९ जणींच्या बाळांना नसतो. बऱ्याच लॅब १:२५० वर रेघ मारतात. तू त्या रेघेच्या अलीकडे पडलीस, एवढंच त्या ठळक अक्षरांचं म्हणणं. रक्तातले दोन घटक, बाळाच्या मानेमागच्या पाण्याची जाडी, तुझं वय आणि वजन हे सगळं घालून संगणक तो आकडा काढतो. त्यात वयाचा वाटा मोठा. पस्तिशीत नुसत्या वयामुळेच धोका साधारण ३५० त एक असतो, चाळिशीत १०० त एक. म्हणून रिपोर्टवर तुझी जन्मतारीख बरोबर आहे का, वजन त्या दिवशीचंच आहे का आणि गर्भाचे आठवडे सोनोग्राफीवरून धरलेत का, हे आजच बघ. यातलं काही चुकलं असेल तर आकडा पुन्हा काढून मागायचा. त्यासाठी रक्त परत द्यावं लागत नाही.

मग पुढची वाट. एनआयपीटी म्हणजे तुझ्या दंडातलं रक्त. त्यात वारेतून आलेले बाळाच्या बाजूच्या डीएनएचे तुकडे तपासतात. चाचणी चांगली आहे, पण तीही चाळणीच. ती पॉझिटिव्ह आली तरी खात्रीसाठी सुई चुकत नाही, आणि कधीकधी रक्तात ते तुकडे कमी पडतात म्हणून रक्त पुन्हा मागवतात. मानेमागची जाडी जास्त असेल किंवा सोनोग्राफीत काही दिसलं असेल, तर डॉक्टर मधली पायरी गाळून थेट सुईचं सुचवतील. तुझ्या बाबतीत काय, हे त्यांच्या तोंडून ऐक. शेजारणीच्या सुनेचं ऐकू नकोस.

सुईला सगळ्याच घाबरतात. ११ ते १३ आठवड्यांत वारेचा बारीक तुकडा काढतात. १६ व्या आठवड्यापासून पुढे गर्भजल काढतात, साधारण १५-२० मिली, म्हणजे तीन-चार छोटे चमचे. सोनोग्राफीच्या पडद्यावर बघतच सुई आत जाते. ती आत असते एक-दोन मिनिटं, तयारीलाच जास्त वेळ लागतो. गर्भपाताचा धोका सरावलेल्या हाताखाली हजारी एक ते पाच इतका धरतात. डॉक्टर नेहमी करतात का, हे विचारायला लाजू नकोस. तुझा रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनची आठवण तूच कर. नंतर दोन दिवस बादल्या उचलायच्या नाहीत. पाणी गेलं, रक्त दिसलं, ताप आला किंवा पोट सारखं आवळून येऊ लागलं तर सकाळची वाट न बघता निघायचं.

आता वाट बघण्याचं. गर्भजलावर एक झटपट तपासणी होते, तिचं उत्तर दोन-तीन दिवसांत येतं. ती २१, १८, १३ अशी मोजकीच गुणसूत्रं बघते. पूर्ण तपासणीसाठी लॅबमध्ये पेशी वाढवाव्या लागतात, त्याला दोन-तीन आठवडे लागतात. तुझ्यासाठी यातलं काय काय पाठवलंय ते लिहून घे. बायकांची झोप उडते ती इथे. शेजारच्या खाटेवरचीचा रिपोर्ट तिसऱ्या दिवशी आला आणि माझा पंधरा दिवस झाले तरी नाही, म्हणजे नक्कीच काहीतरी लपवताहेत! तसं काही नसतं गं. पेशी त्यांच्या गतीनं वाढतात, उशीर म्हणजे वाईट बातमी नव्हे.

फोन कोण करणार, कोणत्या वारी, लॅबवाले की डॉक्टर, हेही आधीच ठरव. माझं ऐकशील तर रिपोर्ट शुक्रवारी संध्याकाळी मोबाइलवर नको म्हणून सांग. दवाखाना बंद आणि पीडीएफ हातात, असे दोन दिवस कुणाच्याच वाट्याला येऊ नयेत. सोमवारी समोर बसून वाचायचा. मुलगा की मुलगी ते आपल्याकडे १९९४ च्या कायद्यानं सांगता येत नाही. तू विचारू नकोस, आणि सासरचं कुणी आडून विचारायला आलं तर तिथेच थांबव.

घरात किती जणांना सांगायचं? चोरओटी होईपर्यंत बभ्रा करायचा नाही, ही आपली जुनी रीत. ती मला पटते, कारण रोज सात जणांना 'आला का रिपोर्ट' याचं उत्तर देणं हीच एक शिक्षा असते. पण रीत पाळायची म्हणून एकटीनं कुढायचं नाही. नवरा आणि आणखी एक माणूस, बस्स. सासूबाईंना सांगितलंस तर एक गोष्ट स्पष्ट सांग: पपई, ग्रहण, कातरी, जिना यांचा याच्याशी काडीचा संबंध नाही. डाउन सिंड्रोमचं जादा गुणसूत्र बहुतेकदा बीज तयार होतानाच येतं, दिवस राहायच्याही आधी. त्यात तुझी चूक नाही, तुझ्या माहेरचीही नाही.

आणखी एक हिशेब आजच मांडून ठेव, मग तो मनात घोळत बसणार नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर गंभीर दोष असल्यास २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मतानं गर्भपात करता येतो. त्यापुढे वैद्यकीय मंडळाकडे जावं लागतं. १६ व्या आठवड्यात सुई झाली तर रिपोर्ट येऊनही विचाराला हातात दिवस उरतात, १९ व्यात झाली तर फारच थोडे. म्हणून 'बघू पुढच्या महिन्यात' करू नकोस. काय करायचं ते तुझं तू ठरवायचंस. कायद्यालाही संमती तुझीच लागते, नवऱ्याची नाही. रिपोर्टमध्ये काही निघालं तरी गर्भ ठेवणाऱ्या बायका मी बघितल्यात, न ठेवणाऱ्याही बघितल्यात. त्यांच्यापैकी कुणालाही मी काही सुचवलं नाही, तुलाही सुचवणार नाही.

मधल्या दिवसांत कामावर जात राहा. रात्री मोबाइल उशाशी नको. झोप येईना तर उठून काहीतरी खा, आणि नवऱ्याला उठव. तो जागा झाला तर काही बिघडत नाही.

फोन आला की पहिल्यांदा त्याच्याशी बोल. मला दुसऱ्या दिवशी कळवलंस तरी चालेल.