सांता रोझाचा निळा डोह

अमेरिकेत स्थायिक झालेली मराठी कुटुंबे मोठ्या सुट्टीत मोटार काढून पश्चिमेच्या मुलुखाकडे निघाली म्हणजे त्यांचा रोख बहुधा सांता फे, अल्बुकर्की किंवा त्याहीपलीकडील ग्रँड कॅन्यनकडे असतो. आणि न्यू मेक्सिकोच्या त्या उजाड, पिवळसर माळरानातून इंटरस्टेट ४० या हमरस्त्याने वेगाने जाताना सांता रोझा नावाचे लहानसे गाव पेट्रोल भरण्यापुरतेच त्यांच्या लक्षात राहते. याच गावात, हमरस्त्यापासून थोड्याच अंतरावर, ‘ब्लू होल’ या नावाने ख्यात असलेला एक निसर्गनिर्मित डोह आहे. त्याचे पाणी इतके नितळ आणि त्याची निळाई इतकी गाढ, की प्रवासाचा शीण घालविण्यासाठी त्यात उडी घेण्याचा मोह पोहणाऱ्या कोणाही माणसास अनावर व्हावा. त्या मोहास अवश्य वश व्हावे, असेच माझे मत आहे. तथापि आपल्या गावाकडील विहिरीचे, नदीचे आणि धबधब्याखालील कुंडाचे जे ज्ञान आपण लहानपणापासून जवळ बाळगून असतो, ते या पाण्यास जसेच्या तसे लागू पडत नाही, आणि हा भेद समजून घेतल्याखेरीज कोणीही त्यात पाऊल टाकू नये.

प्रथम वाटेविषयी. टेक्सासातून अमरिलोमार्गे येणाऱ्यास अमरिलोपासून सांता रोझा सुमारे १७० मैल पडते, तर अल्बुकर्कीहून पूर्वेकडे येणाऱ्यास सुमारे ११५ मैल. टेक्सासची हद्द ओलांडताच घड्याळ एक तास मागे घ्यावे लागते, ही गोष्ट ध्यानात ठेवल्यास वेळेचा हिशेब चुकत नाही. गावातील मुख्य रस्ता म्हणजेच प्रसिद्ध ‘रूट ६६’. १९२६ साली शिकागो ते लॉस एंजलिस या मार्गास हा क्रमांक मिळाला, त्या वेळी तो सांता रोझाच्या पुढे वायव्येस वळून सांता फे या राजधानीस जात असे. १९३७ मध्ये तो वळसा रद्द होऊन रस्ता सरळ अल्बुकर्कीस नेण्यात आला. जॉन फोर्ड यांच्या १९४० सालच्या ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’ या चित्रपटात पेकोस नदीच्या पुलावरून आगगाडी जाताना दिसते, ते दृश्य याच गावचे होय. जुन्या रस्त्यावरून डोहाकडे जाण्यासाठी पाट्या आहेत; वाट विचारण्याची पाळी सहसा येत नाही.

आता डोहाची घडण. दख्खनच्या पठारावर वाढलेल्या माणसाच्या मनात कुंड म्हटले की वरून कोसळणारे पाणी येते. आपला काळा कातळ पाण्यात विरघळणारा नव्हे. त्याला आकार देण्याचे काम पाण्याच्या आघाताने आणि पाण्याबरोबर गरगर फिरणाऱ्या दगडगोट्यांनी युगानुयुगे चालविलेले असते. पुणे व अहिल्यानगर जिल्ह्यांच्या सीमेवर, कुकडीच्या पात्रातील निघोजचे रांजणखळगे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे निराळे सांगावयास नको. सांता रोझाची भूमी याच्या अगदी उलट प्रकृतीची. तेथे वरच्या वालुकाश्माच्या खाली चुनखडी व जिप्सम यांचे थर आहेत. भूगर्भातून वाहणारे पाणी हे थर हळूहळू विरघळवून त्यांत पोकळ्या निर्माण करते, आणि पोकळीचे छत वरील खडकाचा भार सोसेनासे झाले की ते एके दिवशी आत ढासळते. या परिसरात अशी अनेक तळी आहेत, आणि ब्लू होल त्यांपैकीच एक. त्याला पाणी मिळते ते खालून. मिनिटास सुमारे तीन हजार गॅलन, म्हणजे अकरा हजार लिटरांहून अधिक पाणी, जमिनीच्या पोटातून अखंड वर येत असते आणि काठावरून ओढ्याच्या रूपाने निघून जात असते. त्यामुळे गढूळपणा साचून राहण्यास वाव नाही, आणि अनुकूल दिवशी पाण्याखाली शंभर फुटांपर्यंतचे दिसू शकते.

याचा एक परिणाम प्रवाशाच्या दृष्टीने फार सुखकारक आहे. सह्याद्रीतील कुंडावर असताना आपले अर्धे लक्ष डोंगरमाथ्यावरील ढगांकडे असावे लागते, कारण तेथे कोसळलेल्या सरीचा लोंढा काही मिनिटांत खाली येऊन माणसास उचलून नेऊ शकतो. सांता रोझाच्या डोहास डोंगरावरून येणारा असा लोंढा नाही, भोवरा नाही, शेवाळलेल्या धबधब्याचा मारा नाही. पाणी वर्षभर एकाच पातळीचे, एकाच वेगाचे आणि, जे सर्वांत महत्त्वाचे, एकाच तापमानाचे असते.

हे तापमान सुमारे १६ अंश सेल्सिअस आहे. हा आकडा वाचून कोणास विशेष धास्ती वाटणार नाही, आणि धोका आहे तो नेमका येथेच. महाराष्ट्रातील विहिरीचे पाणी साधारणतः पंचवीस अंशांच्या आसपास असते. हिवाळ्याच्या पहाटे ते उलट कोमटच लागते. पाठीला पांगाऱ्याचा बिंडा किंवा वाळका भोपळा बांधून अशा विहिरीत पोहणे शिकलेल्या माणसाच्या शरीरास सोळा अंशांच्या पाण्याची ओळखच नसते. जुलै महिन्याच्या दुपारी, बाहेर उन्हाचा पारा तेहतीस-चौतीसवर असताना, तापलेल्या अंगाने त्यात एकदम उडी घेतली म्हणजे पहिला श्वास आपल्या ताब्यात राहत नाही. छाती आपोआप हवा ओढू लागते, आणि त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर हवेऐवजी पाणीच आत जाते. हृदयाची धडधड वाढते, रक्तदाब चढतो, हातपाय आखडल्यासारखे होतात. उत्तम पोहणारासही हा आघात टळत नाही. तो दोन-तीन मिनिटांत ओसरतो, हे मात्र निश्चित. म्हणून ती मिनिटे काठाशी, हाताला आधार असताना, काढावीत. डोहात उतरण्यास पायऱ्या आहेत. त्यांवर उभे राहून प्रथम हात, मान व चेहरा भिजवावा, कमरेपर्यंत पाण्यात जाऊन थांबावे, श्वास संथ झाला की मगच काठ सोडावा. अंगास कापरे भरू लागण्याची वाट न पाहता पाव तासाने बाहेर येऊन उन्हात बसावे आणि मन असल्यास पुन्हा उतरावे. हृदयविकार वा अनियंत्रित रक्तदाब असलेल्यांनी, आणि भारतातून भेटीस आलेल्या वयस्क आई-वडिलांनी, डोहाच्या काठावर बसून पाय बुडविण्यात समाधान मानावे, हे मी आदरपूर्वक परंतु स्पष्टपणे सुचवितो.

दुसरी गोष्ट खोलीची. डोहाचे तोंड सुमारे ६० फूट व्यासाचे. पण तोंडाशी आवळलेल्या आणि पोटाशी फुगलेल्या रांजणाप्रमाणे तो खाली रुंदावत जातो, आणि तळाशी त्याचा व्यास सुमारे १३० फूट होतो. एकूण खोली ८१ फूट. याचा व्यवहारातील अर्थ असा, की पायरी संपली की पाय टेकण्यास जागा नाही. नदीला उथळ कड असते. येथे ती नाही, आणि पाणी नितळ असल्यामुळे तळ प्रत्यक्षाहून जवळ भासतो. पोहता न येणाऱ्या मुलांस, आणि मोठ्यांसही, अंगात नीट बसणारे जीवरक्षक जॅकेट घातल्याशिवाय पाण्यात सोडू नये. काठावर जीवरक्षक नेमलेला असेलच, असे गृहीत धरू नये. गाव समुद्रसपाटीपासून साडेचार हजार फुटांहून अधिक उंचीवर आहे, तेव्हा चार हात मारताच दम लागल्यास त्यात नवल नाही.

काठावरील खडकावरून उडी मारण्याची तेथे जुनी चाल आहे, आणि तरुण मंडळी त्यासाठीच येतात. खोली भरपूर असल्यामुळे, आपल्याकडील डोहांत ज्या बुडालेल्या कातळाची भीती असते, ती येथे काठ सोडून पुढे उडी घेणाऱ्यास फारशी नाही. धोका आहे तो माणसांचा. पाण्याखाली पाणबुडे असतात, आणि ते वर येण्यापूर्वी त्यांच्या श्वासाचे बुडबुडे पृष्ठभागावर दिसू लागतात. बुडबुडे दिसत असताना त्या जागी उडी घेणे म्हणजे दुसऱ्याच्या डोक्यावर आणि स्वतःच्या मणक्यावर संकट ओढवून घेणे होय. एका वेळी एकानेच उडी घ्यावी, पुढचा बाजूस झाला की दुसऱ्याने. सूर मारण्याऐवजी पाय खाली ठेवून सरळ उडी घ्यावी. मुटका मारण्याची हौस दांडगी असली तरी गर्दीच्या दिवशी ती आवरावी.

गर्दी म्हणजे उन्हाळ्यातील शनिवार-रविवार. शक्य असल्यास आठवड्यातील अन्य दिवशी, सकाळी लवकर पोहोचावे. न्यू मेक्सिकोतही जुलै-ऑगस्टमध्ये पावसाळा असतो, आणि दुपारनंतर मेघगर्जना होऊ लागते. विजेचा पहिला लोळ दिसताच पाणी सोडून मोटारीत जाऊन बसावे. एरवी डोह बारमाही आहे. हिमवर्षावाच्या दिवसांतही पाणी त्याच सोळा अंशांचे असल्यामुळे पाणबुड्यांची वर्दळ हिवाळ्यात सुरूच राहते, आणि कोलोरॅडो, टेक्सास या राज्यांतील स्क्युबाचे विद्यार्थी आपली खुल्या पाण्यातील परीक्षा देण्यासाठी येथे येतात. वेळ उरल्यास दक्षिणेस सुमारे दहा मैलांवरील प्वेर्तो दे लुना हे जुने वसतिस्थान पाहावे. १५४१ साली कोरोनादो या स्पॅनिश सेनानीने पेकोस ओलांडण्यासाठी पूल बांधला तो येथेच, अशी तिकडची परंपरागत समजूत आहे.

आता जे स्क्युबाची साधने घेऊन खाली उतरू इच्छितात, त्यांच्यासाठी. प्रशिक्षणाचा दाखला जवळ असल्याशिवाय आणि गावाचा परवाना शुल्क भरून घेतल्याशिवाय बुडी घेण्यास मुभा नाही, आणि ही तजवीज योग्यच आहे. अंगभर सात मिलिमीटर जाडीचा पोशाख, मोजे व टोपडे घ्यावे. याहून अधिक विचार उंचीचा करावा लागतो. या उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबाच्या साधारण पंच्याऐंशी टक्के असतो. त्यामुळे येथील ८१ फुटांची बुडी शरीराच्या दृष्टीने समुद्रातील नव्वद फुटांहून अधिक खोल बुडीच्या बरोबरीची ठरते, आणि समुद्रासाठी तयार केलेली कोष्टके येथे जशीच्या तशी वापरता येत नाहीत. आपले उपकरण उंचीसाठी जुळवून घेतलेले आहे ना, हे पाण्यात शिरण्यापूर्वी तपासावे. मालवणला किंवा गोव्याच्या ग्रँड आयलंडपाशी स्क्युबा शिकलेल्या मराठी पाणबुड्यांनी ही गोष्ट विशेष लक्षात घ्यावी, कारण तेथे हा प्रश्न उद्भवतच नाही.

तळाशी एक लोखंडी जाळी आहे. तिच्या पलीकडे पाण्याने भरलेल्या गुहांचे जाळे सुरू होते. १९७६ मध्ये त्या गुहांत शिरलेले दोन पाणबुडे परत आले नाहीत, आणि त्यानंतर ते तोंड जाळीने बंद करण्यात आले. २०१६ मध्ये, गुहांचा शोध घेणाऱ्या एका मोहिमेत, खास प्रशिक्षण घेतलेला एक पाणबुड्याही तेथेच मरण पावला. मोकळ्या पाण्यात संकट आले तर वर प्रकाश आहे. गुहेत वर छत असते, फिनच्या एका फटकाऱ्याने उठलेल्या गाळात हात दिसेनासा होतो, आणि नळकांड्यातील हवा मोजकीच असते. जाळीशी जाऊन आत डोकावण्याचा हव्यासही धरू नये.

शेवटची सूचना प्रवासाच्या आखणीची आहे, आणि ती बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. खोल पाण्यातून वर आल्यावर रक्तात व ऊतींत विरलेला नायट्रोजन निघून जाण्यास काही तास लागतात. त्या अवधीत आणखी उंचीवर जाणे हे विमानात बसण्यासारखेच अपायकारक ठरू शकते. विमानप्रवासासाठी एका बुडीनंतर किमान बारा तास आणि अनेक बुड्यांनंतर किमान अठरा तास थांबावे, असा सर्वमान्य दंडक आहे. सांता रोझाहून पश्चिमेस अल्बुकर्कीकडे निघालेला हमरस्ता मात्र तासाभरातच क्लाइन्स कॉर्नर्सपाशी सात हजार फुटांच्या वर चढतो. पूर्वेकडे अमरिलोचा मार्ग एकंदरीत उतरत जातो. म्हणून टेक्सासहून आलेल्यांनी जाताना केवळ पोहण्याचा आनंद घ्यावा आणि पाण्याखालची बुडी परतीच्या वाटेसाठी राखून ठेवावी. आणि ज्यांना बुडीनंतर पश्चिमेकडेच जावयाचे आहे, त्यांनी त्या रात्रीचा मुक्काम सांता रोझातच करावा.