शेजारी उजेड, आपल्या घरी अंधार

जव्हार-मोखाड्याचा पाऊस तुम्हांला सांगायला नको. मृग लागला की वारा सुटतो. सागाच्या फांद्या तारांवर पडतात आणि पाड्यापाड्यांत लाईट जाते. सगळ्यांचीच गेली, तर सगळे मिळून वाट पाहतात. कुणीतरी फोन करतो, वायरमन येतो, लाईट येते.

पण एखादे वेळी निराळेच होते. शेजारच्या घरी दिवा लागलेला असतो, पलीकडे टीव्ही चालू असतो आणि अंधार फक्त आपल्या घरात! अशा वेळी माणूस गोंधळतो. घरातला तरणा पोर म्हणतो, "थांब बाबा, मी खांबावर चढून बघतो." कुणी म्हणते, "काकाच्या घरून वायर ओढू." अशा घाईत माणसे जिवाला मुकली आहेत. एका रात्रीचा अंधार परवडतो, घरातला माणूस गेला तर तो परत येत नाही.

म्हणून या पाठात एकच गोष्ट शिकू या. वीज कुठे अडली, ते जमिनीवर उभे राहून कसे ओळखायचे?

विजेची वाट

खाचरात पाणी येईनासे झाले, तर आपण काय करतो? पाटाच्या कडेने चालत जातो. पाणी कुठवर आले आहे ते पाहतो. जिथे संपले, तिथेच काहीतरी अडले आहे.

विजेचेही तसेच आहे. वीज डीपीवरून खांबावर येते. खांबावरून सर्व्हिस वायरने घरी येते. मग मीटर, मग मेन स्विच, मग भिंतीवरची वायर आणि शेवटी दिवा. या वाटेचे दोन भाग आहेत. मीटरपर्यंतचा भाग कंपनीचा. मीटरच्या पुढचा भाग आपला.

कंपनी म्हणजे महावितरण. १९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. २००५ साली त्याच्या निरनिराळ्या कंपन्या झाल्या. घरोघरी वीज देण्याचे काम महावितरणकडे आले. जुनी माणसे अजूनही 'बोर्ड' म्हणतात, ते हेच.

आता ही वाट पायरीपायरीने तपासू.

पहिली पायरी : शेजारी बघा

एकच घर बघून थांबू नका. दोन-चार घरे बघा. खांबावर तारा अनेक असतात. काही घरे एका तारेवर, काही दुसरीवर. त्यांतली एक बंद पडली, तर शेजारी उजेड राहतो आणि आपल्याबरोबर आणखी दोन घरे अंधारात जातात. तसे असेल तर बिघाड बाहेरचा. घरात काही खोलू नका.

दुसरी पायरी : सर्व्हिस वायर बघा

आपल्याकडे पाडे विखुरलेले. खांब लांब आणि वायर झाडांतून आलेली. बॅटरी घ्या, पायांत चप्पल घाला आणि दुरूनच बघा. पावसाळ्यात रात्री विंचू-सापाचेही भान ठेवा. वायरवर फांदी पडली आहे काय? वायर तुटून लोंबते काय? ठिणग्या उडतात काय?

तार खाली पडलेली दिसली तर जवळ जाऊ नका. मुले आणि गुरे दूर ठेवा. दिवा गेला म्हणून ती तार मेलेली आहे, असे समजू नका. खांबाला आणि त्याच्या ताणाच्या तारेला हात लावू नका. खांबावर चढणे आणि डीपीचा खटका ओढणे हे वायरमनचे काम आहे.

तिसरी पायरी : मीटर बघा

मीटरवर आकडे दिसतात काय? बारीक दिवा लुकलुकतो काय? दिसत असेल, तर वीज बहुधा मीटरपर्यंत आली आहे. अडचण पुढे, म्हणजे आपल्या घरात आहे. मीटर अगदी काळा पडला असेल, जळका वास येत असेल, तर अडचण कंपनीच्या बाजूची. मीटरला सील असते. ते तोडू नका. मीटरशी खेळणे हा कायद्याने गुन्हा आहे.

चौथी पायरी : खटका बघा

हात कोरडे करा. कोरड्या फळीवर उभे राहा. खटका खाली पडला असेल, तर लगेच वर करू नका. तो उगाच पडत नाही. आधी घरातली सगळी बटणे बंद करा आणि प्लग काढा. मग खटका वर करा. तो टिकला, तर एकेक बटण लावत जा. ज्या बटणाला खटका पुन्हा पडेल, तिथे दोष आहे. ती वस्तू बाजूला ठेवा. बाकीचे घर उजळेल.

सगळी बटणे बंद असूनही खटका पडतो? मग वायरमध्ये दोष आहे. आपल्याकडे कुडाची घरे पुष्कळ. कारवीच्या कुडावर वायर ठोकलेली असते. पावसात कूड भिजतो, वायरचे कातडे उंदीर कुरतडतात. मग ओल्या भिंतीलाही झटका बसतो. अशा वेळी मेन स्विच बंद ठेवा आणि रात्र तशीच काढा. सकाळी परवाना असलेला वायरमन बोलवा.

जुन्या घरांत खटक्याऐवजी फ्यूज असतो. खाचराच्या बांधाला आपण सांडवा ठेवतो ना? पाणी फार झाले की सांडवा वाहतो आणि बांध वाचतो. फ्यूज तसाच. वीज फार झाली की त्याची बारीक तार वितळते आणि घर वाचते. कुणी तिथे जाड तार घालतो आणि म्हणतो, "आता कसा उडतो बघू!" सांडवा बुजवला तर बांध फुटतो. फ्यूजमध्ये जाड तार घातली तर घर पेटते. फ्यूजला फ्यूजचीच तार हवी. ती बदलण्याआधी मेन स्विच बंद हवा. जमत नसेल, तर त्यात हात घालू नये.

तक्रार कशी करावी?

बिघाड बाहेरचा असेल, तर १९१२ हा नंबर लावा. तो लागला नाही तर १८००-२१२-३४३५ किंवा १८००-२३३-३४३५. या फोनला पैसे पडत नाहीत. ते तुमचा ग्राहक क्रमांक विचारतील. तो बिलावर असतो, बारा आकडी. आजच तो बिलावरून उतरवून मीटरजवळ लिहून ठेवा. अंधारात बिल शोधणे कठीण.

तक्रार झाली की तक्रारीचा नंबर मागा. तारीख आणि वेळ लिहून ठेवा. किती वेळात दुरुस्ती व्हावी, याची मुदत वीज नियामक आयोगाने ठरवून दिली आहे. मुदत उलटली तर भरपाई मागता येते. पण ती मागताना विचारतात, "तक्रार कधी केली?" तेव्हा तोंडी सांगून भागत नाही. लिहिलेले असेल, तर आपले म्हणणे टिकते.

जगायला गेलेल्यांचे घर

एकट्याच घरात अंधार होण्याचे आणखी एक कारण आहे. ते आपल्या भागात फार घडते.

भात कापून झाले, दिवाळी सरली, की पुष्कळ घरांना कुलूप लागते. माणसे जगायला जातात. कुणी भिवंडीकडे, कुणी वसईकडे, वीटभट्टीवर. पावसाआधी परत येतात आणि बघतात, तो काय? पाड्यात लाईट आहे, आपलीच तोडलेली आहे!

"आम्ही तर दिवाच लावला नाही, मग बिल कसले?" असे विचारावेसे वाटते. पण बिलात दोन भाग असतात. एक वापरलेल्या युनिटांचा, दुसरा स्थिर आकार. दिवा न लावताही स्थिर आकार चालूच राहतो. महिन्यामागून महिने थकबाकी वाढते.

तरीही वाटेल तेव्हा लाईट तोडता येत नाही. वीज कायदा २००३ सालचा आहे. त्याचे ५६ वे कलम सांगते, की बिल थकले तरी आधी लेखी नोटीस द्यावी आणि पुरे १५ दिवस थांबावे. म्हणून घर सोडताना शेजारच्या मावशीला सांगून जा, "बिल आले, नोटीस आली, तर फोन कर." जाण्याआधी मागचे बिल भरून टाका. तिकडूनही मोबाइलवरून बिल भरता येते.

लाईट तोडलीच असेल, तर आकडा टाकू नका. त्यात जीवही जातो आणि गुन्हाही होतो. बिल घेऊन कचेरीत जा. नोटीस कधी दिली, ते विचारा. एकदम पैसे नसतील तर हप्ते मागा. अर्ज लेखी करा आणि त्याच्या नकलेवर पोच घ्या.

झटका बसला तर

विजेला चिकटलेल्या माणसाला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा. ते जमत नसेल, तर कोरड्या काठीने किंवा कोरड्या बांबूने त्याला घरच्या वायरपासून सोडवा. खांबावरची तार असेल, तर काठीनेही जवळ जाऊ नका, १९१२ ला कळवा. माणूस सुटल्यावर श्वास बघा. श्वास थांबला असेल, तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोराने, लयीत दाबत राहा. दुसऱ्याने लगेच १०८ ला फोन करावा. भगताकडे वेळ घालवू नका. जव्हारला पतंगशहा कुटीर रुग्णालय आहे, मोखाड्याला ग्रामीण रुग्णालय आहे. माणूस शुद्धीवर असला, तरी दवाखान्यात न्या.

आता सांगा

१. मीटरच्या अलीकडचा भाग कुणाचा? पलीकडचा कुणाचा?
२. खटका पडला तर आधी काय कराल?
३. फ्यूजमध्ये जाड तार का घालू नये?
४. लाईट तोडण्याआधी किती दिवसांची नोटीस लागते?

करून पाहा

घरचे बिल आणा. त्यावर ग्राहक क्रमांक, चालू रीडिंग, मागील रीडिंग आणि थकबाकी हे शब्द शोधा. चालू रीडिंगमधून मागील रीडिंग वजा करा. उत्तर म्हणजे तुम्ही वापरलेली युनिटे. मग मीटरवरचा आकडा वाचा. तो बिलातल्या चालू रीडिंगपेक्षा कमी असेल, तर ते बिल घेऊन कचेरीत जा आणि विचारा.