मदत मोफत, माती विकत

पुण्यात स्वारगेटचा चौक ओलांडून मुकुंदनगर, महर्षीनगर, लक्ष्मीनगर, शिवदर्शन या बाजूला वळलं की एसटीचा गोंगाट मागे पडतो आणि जुन्या सोसायट्या सुरू होतात. तीन मजले, लिफ्ट नाही, पण खाली जास्वंद, कढीपत्ता, एखादा सोनचाफा आणि गॅलरीत कुंड्यांची रांग. कुंड्या लावणारे आता पंचाहत्तरीच्या पुढे गेलेत. मुलं बाणेर-वाकडला, नाहीतर थेट परदेशात. गुडघे वाकत नाहीत म्हणून माती कडक झालेली, आणि बोलायला कुणी नाही म्हणून संध्याकाळ लांबलेली. अशा घरी आठवड्यातून एकदा दोन स्वयंसेवक यावेत, कुंड्या सारख्या कराव्यात, तासभर बसून गप्पा माराव्यात, ही कल्पना कुणालाही पटते. पहिला प्रश्न येतो, ‘पैसे किती घेतात?’ उत्तर: काही नाही. पण ‘आपले किती जातात?’ हे विचारायचं राहून जातं आणि दुसऱ्या महिन्यात कुरबुर सुरू होते.

त्याआधी एक गोष्ट घरात बसून ठरवा. तुम्हाला माळी हवा आहे की माणूस? झाडं जगावीत एवढीच अपेक्षा असेल तर सरळ माळी लावा. या भागात गॅलरीतल्या दहा-पंधरा कुंड्यांसाठी आठवड्याला एक फेरी करणारा माळी फेरीमागे साधारण २५० ते ४०० रुपये घेतो, म्हणजे महिन्याला १,००० ते १,६००. खत-मातीचे पैसे वेगळे. तो वीस मिनिटांत काम उरकतो आणि पुढच्या इमारतीत जातो. त्याच्या कामात खोट नाही, त्याच्याकडे गप्पांना वेळ नाही इतकंच. उलट एकटेपण हाच मुख्य त्रास असेल, तर बाग हे निमित्त आहे असं मनाशी कबूल करावं आणि स्वयंसेवक बोलवावेत. विद्यार्थ्यांना फुकटचा माळी समजणाऱ्या घरात ते दोनदा येतात, तिसऱ्यांदा त्यांची परीक्षा निघते.

स्वयंसेवक मिळण्याच्या जागा फार नाहीत, पण आहेत. पहिली जागा म्हणजे आपल्या वस्तीतला ज्येष्ठ नागरिक संघ किंवा महापालिकेचं विरंगुळा केंद्र. पुण्यातल्या अशा संघांची ‘एस्कॉप’ आणि राज्यभरातल्या संघांची ‘फेस्कॉम’ या शिखर संस्था आहेत, त्यामुळे आपल्या गल्लीत संघ नसला तरी जवळचा कुठला ते कळू शकतं. संघाची वर्गणी बहुतेक ठिकाणी वर्षाला काहीशे रुपये असते. एकट्या घराने महाविद्यालयाला पत्र लिहिलं तर ते फायलीत जातं. संघाने दहा घरांची यादी जोडून लिहिलं तर फोन येतो.

दुसरी जागा राष्ट्रीय सेवा योजना, म्हणजे कॉलेजचं एनएसएस. योजना १९६९ पासून चालू आहे आणि तिच्यातल्या विद्यार्थ्याला वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास समाजकार्य करावं लागतं. टिळक रस्त्यावरचं स. प. महाविद्यालय किंवा पर्वतीजवळचं पुणे विद्यार्थी गृहाचं अभियांत्रिकी महाविद्यालय स्वारगेटपासून लांब नाही. प्राचार्यांना नव्हे, एनएसएसच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना भेटावं आणि तेही जून-जुलैत, वर्षाचं वेळापत्रक ठरण्याआधी. आठवड्याला दीड तास धरला तर वीस आठवड्यांत एका मुलाचे तीस तास होतात. मुलांना तास हवेत, तुम्हाला सोबत हवी. हजेरीच्या कागदावर वेळेवर सही करणं हे तुमचं काम, ते विसरू नका.

तिसरी जागा संस्थांची. पुण्यात सुरू झालेली ‘माया केअर’ ज्येष्ठांना स्वयंसेवकांमार्फत विनामूल्य मदत करते, दवाखान्यात किंवा बँकेत सोबत जाण्यासारखी. ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ ही फुकट आहे. ती माळी पाठवत नाही, पण माहिती, कायदेशीर मार्गदर्शन आणि मनाला आधार देते. पैसे मोजून सोबत घ्यायची असेल तर त्याचाही बाजार आता उभा राहिला आहे. २०२२ मध्ये मुंबईत रतन टाटांच्या पाठबळावर ‘गुडफेलोज’ सुरू झाली, तिथे पदवीधर तरुण पगारावर आजी-आजोबांचे सोबती होतात आणि घराकडून वर्गणी घेतली जाते. ब्युरोतून बारा तासांची मदतनीस ठेवायची तर महिन्याला १५,००० ते २५,००० रुपये आणि वर ब्युरोचं कमिशन. चालत्या-फिरत्या माणसाला त्याची गरज नसते. घाबरलेली मुलं परदेशातून तेच आधी बुक करतात, हा भाग वेगळा.

आता खर्च. दहा कुंड्यांची गॅलरी धरू. दहा इंची प्लास्टिकची कुंडी ८० ते १२० रुपयांना मिळते, म्हणजे दहांचे ८०० ते १,२००. मातीच्या कुंड्या हव्यात तर मुंढव्याच्या केशवनगरात कुंभारांकडे जाता येतं, पण वजन लक्षात घ्या. नुसती माती भरलेली दहा इंची कुंडी पाणी प्यायल्यावर बारा-पंधरा किलोपर्यंत जाते आणि ती उचलताना कंबर धरली की पुढचा खर्च बागेचा राहत नाही. म्हणून निम्मं कोकोपीट घाला. लाल मातीची दोन पोती ३०० ते ४००, पाच किलोची कोकोपीटची वीट २०० ते ३००, दहा किलो गांडूळखत २०० ते ३००, दोन किलो निंबोळी पेंड १०० ते १५०. मिश्रणाचे झाले ८०० ते १,१५०. रोपं दहा, ६०० ते ९००. कात्री, खुरपं, झारी आणि हातमोज्यांचे दोन जोड मिळून ७०० ते ८००. रिक्षा १५० ते २००. एकूण ३,०५० ते ४,२५०. जुन्या कुंड्या शाबूत असतील तर त्यातले हजारभर वाचतात आणि बहुतेक घरांत त्या असतातच, माळ्यावर नाहीतर जिन्याखाली. हे सगळे भाव साधारण आहेत. हंगामाप्रमाणे आणि दुकानाप्रमाणे थोडे इकडेतिकडे होतील.

रोपं कुठून घ्यायची यावर पुण्यात दोन तट पडतात. माझं मत एम्प्रेस गार्डनच्या रोपवाटिकेच्या बाजूने. स्वारगेटहून रिक्षाने ७० ते ८० रुपये (२०२२ च्या सप्टेंबरपासूनचा दर: पहिल्या दीड किलोमीटरला २५, पुढे प्रत्येक किलोमीटरला १७) आणि आजोबांना तिथल्या जुन्या झाडांखाली अर्धा तास बसवता येतं. जानेवारीत पुष्पप्रदर्शन असतं तेव्हा मात्र गर्दी टाळा. शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयातही रोपं मिळतात. खत आणि बी-बियाण्यासाठी मार्केट यार्डचा परिसर हाकेच्या अंतरावर आहे. दारावर येणाऱ्या हातगाडीवरचा फुललेला गुलाब मोह पाडतो, पण तो आठवडाभरात मान टाकतो. आणि आत कसलंही फॅन्सी परदेशी पानांचं झाड आणू नका. तुळस, गवती चहा, पुदिना २० ते ४० रुपयांत येतात. मोगरा, जास्वंद, कढीपत्ता ६० ते १५०. ही झाडं घरातल्या माणसाला ठाऊक असतात आणि खरी गंमत तिथेच आहे.

कारण या सगळ्या खटाटोपात शिकवणारं कोण, हे उलटं ठरवावं लागतं. इंग्लंडमध्ये २००९ पासून ‘गुडजिम’ नावाचा उपक्रम चालतो. तिथे तरुण पळत पळत एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांकडे जातात, काहींच्या बागेतलं गवत काढतात, काहींशी नुसत्या गप्पा मारतात. ज्या आजोबांकडे दर आठवड्याला पळत जायचं त्यांना ते ‘कोच’ म्हणतात. मदत घेणारा म्हणून कुणी ओशाळं होऊ नये यासाठी ही युक्ती आहे आणि ती आपल्याकडे सहज जमते. मोगरा कधी छाटायचा हे विशीतल्या मुलाला माहीत नसतं, आजींना माहीत असतं: थंडी सरता सरता, फेब्रुवारीच्या आत. जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण साबणाच्या पाण्याने पुसायचा, औषधाची बाटली नंतर, हेही त्याच सांगतात. मुलांनी खाली बसून माती हलवावी आणि आजींनी खुर्चीवरून सूचना कराव्यात. सूचना करायला मिळणं हे पुण्यात काही कमी सुख नाही.

पहिल्या दोन भेटींत मातीला हात लावूच नये असं मी सुचवेन. नुसतं बसावं, कुठली झाडं होती, कुठली गेली ते ऐकावं. वेळ सकाळी नऊनंतर किंवा साडेचारनंतरची ठेवावी. दुपारी बेल वाजवणाऱ्या स्वयंसेवकाला या गावात भवितव्य नाही. ऐकू कमी येत असेल तर मुलांना आधी सांगावं, म्हणजे ती समोर बसून बोलतील. दोन भेटींच्या मध्ये एक फोन ठरवून घ्यावा, त्याला खर्च शून्य आणि उपयोग भेटीइतकाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात सहापैकी एक माणूस एकटेपणाने ग्रासलेला आहे आणि त्यात तरुणांचं प्रमाण मोठं आहे. वसतिगृहात राहणारा लातूर-नांदेडचा मुलगा घरचा चहा मिळतो म्हणूनही येतो. त्याचं येणं त्यामुळे कमी दर्जाचं ठरत नाही.

चहावरून महिन्याचा हिशेब. चार भेटी, दोन जण, माणशी २५ रुपयांचं चहा-पोह्याचं धरलं तर २००. बस किंवा मेट्रोचं जाण्यायेण्याचं भाडं दोघांचं मिळून १६० ते ३२०. खत आणि कडुनिंबाचं तेल १५० ते २००. म्हणजे महिन्याला साधारण ५०० ते ७००, वर्षाला ६,००० ते ८,४००. सुरुवातीचा खर्च मिळवला तर पहिल्या वर्षी नऊ हजारांपासून साडेबारा हजारांपर्यंत, पुढच्या वर्षी बराच कमी. भाडं द्यायचं की नाही हे संस्थेला विचारून ठरवा, कारण काही संस्था ते स्वतः देतात. मुलांच्या हातात रोख बक्षिसी मात्र ठेवू नका. एकदा दिली की पुढच्या महिन्याची अपेक्षा तयार होते आणि नात्याचा सूर बिघडतो. द्यायचेच असतील तर संस्थेला देणगी द्या आणि पावती घ्या. आयकराच्या ८०-जी खाली सवलत जुन्या करप्रणालीतच मिळते आणि २,००० रुपयांवरची रोख देणगी तिला चालत नाही.

काही कामं स्वयंसेवकांना सांगायचीच नाहीत. सोसायटीच्या आवारातल्या झाडाची फांदी तोडणं त्यातलं पहिलं. १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार त्याला महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी लागते, आणि नारळावर चढायला विमा काढलेला माणूस लागतो. ग्रिलवर उभं राहणं, कीटकनाशक फवारणं, बँकेचं कार्ड किंवा ओटीपी हाताळणं हेही नाही. मोबाइलवरून पैसे कसे पाठवायचे ते शिकवू दे, पिन आजोबांनी स्वतः दाबावा. फसवणूक झालीच तर १९३० वर लगेच फोन करावा. संस्थेकडून प्रत्येकाचं ओळखपत्र मागणं यात अपमान काही नाही, आणि सुरुवातीचे दोन-तीन महिने मुलं जोडीनेच यावीत. मातीत काम करणाऱ्या सगळ्यांनी, घरच्यांनीसुद्धा, धनुर्वाताचं इंजेक्शन गेल्या दहा वर्षांत घेतलंय का ते पाहावं.

कुंडीखालच्या ताटल्या हा पुण्यातला गंभीर विषय आहे. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात आठ-दहा दिवसांत अंड्यापासून पूर्ण होतो आणि २०२४ च्या पावसाळ्यात याच शहरात झिकाचेही रुग्ण सापडले होते. आठवड्याच्या भेटीत आधी ताटल्या रिकाम्या करायच्या, मग खुरपं हातात घ्यायचं.

ओल्या कचऱ्याचं खत करायचं का? दोन माणसांच्या घरात दिवसाला अर्धा किलोही कचरा निघत नाही. त्यासाठी १,५०० ते ३,००० रुपयांचा तयार डबा घेऊ नका, भोकं पाडलेली जुनी बादली पुरते. सोसायटीने मिळून गांडूळखताचा प्रकल्प केला तर गोष्ट वेगळी. महापालिका गांडूळखत, सौरऊर्जा आणि पर्जन्यजल संधारण यांपैकी एकासाठी मिळकतकरात ५ टक्के, दोन किंवा अधिक असतील तर १० टक्के सवलत देते. प्रकल्प चालू असला पाहिजे, नुसता खड्डा दाखवून भागत नाही. इथे स्वयंसेवकांचा खरा उपयोग होतो, कारण खत चाळायला कुणी मिळत नाही.

एक अडचण आधीच माहीत असलेली बरी. एप्रिल-मे मध्ये मुलांच्या परीक्षा असतात, मग ती गावी जातात, आणि झाडांना रोज पाणी लागतं ते नेमकं तेव्हाच. दहा कुंड्यांचा छोटा ठिबक संच ५०० ते ९०० रुपयांना येतो, पण पाणीपुरवठा बंद असलेल्या गुरुवारी त्याचाही उपयोग नाही, त्यामुळे एक पिंप भरून ठेवावं. नाहीतर वॉचमनला महिन्याला ३०० ते ५०० रुपये देऊन सकाळची झारी लावून द्यावी. हे मार्चमध्येच ठरवा. मे महिन्यात वॉचमनही गावाला जातो.