मूत्रवाहिनी, स्टेंट आणि काढण्याची तारीख

मुतखड्याच्या शस्त्रक्रियेनंतर घरी गेलेल्या रुग्णांचे नातेवाईक आमच्या कार्यालयात एक प्रश्न हमखास विचारतात. खडा निघाला, तरी लघवीच्या वेळी कुशीत कळ का येते? आम्ही वाणिज्य शाखेचे. तरीही तज्ज्ञ डॉक्टरांकडून जे समजून घेतले ते येथे मांडीत आहोत.

मूत्रवाहिनी ही सुमारे २५ ते ३० सेंटीमीटर लांबीची स्नायुमय नळी होय. तिच्यातून लघवी केवळ उताराने वाहत नाही. मूत्रपिंडापाशी उगम पावणारी आकुंचनाची लाट मिनिटातून काही वेळा खाली सरकते व लघवी पुढे ढकलते. माणूस आडवा झोपला तरी हे कार्य अखंड चालते.

दोन्ही टोकांना वळण असलेला ‘डीजे स्टेंट’ १९७८ पासून परिचित आहे. तो बसविल्यावर प्रारंभी आकुंचने वाढतात. जणू वाहिनी ही परकी वस्तू बाहेर लोटू पाहते. पुढे ती मंदावतात, पुष्कळदा जवळजवळ थांबतात आणि वाहिनी सैल व रुंद होते. मग लघवी स्टेंटच्या आतून आणि बाजूने निव्वळ दाबाने उतरते. अरुंद वाहिनीत पुढे दुर्बीण घालावयाची असल्यास हे सैलावणे उपयोगीच पडते. परंतु मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली झडपेसारखी व्यवस्थाही स्टेंटमुळे उघडी राहते. लघवी करताना दाब वाढला की काही लघवी उलट मूत्रपिंडाकडे चढते. कुशीतील कळ बहुधा याचीच.

स्टेंट काढल्यावर वाहिनीची हालचाल सामान्यतः हळूहळू पूर्ववत होते. अडचण आहे ती काढण्याचीच. त्रास सोसवू लागला की रुग्ण परत येत नाहीत. शेतीची कामे, प्रवासखर्च, सारी कारणे खरी असतात. सामान्यतः स्टेंट तीन महिन्यांच्या आत काढावा किंवा बदलावा लागतो. तो राहून गेल्यास त्यावर क्षार साचतात, मार्ग बुजतो आणि फारशी वेदना न होताही मूत्रपिंड निकामी होऊ शकते. वेळेवर आल्यास काही मिनिटांत होणारे काम मग अनेक शस्त्रक्रियांचे होऊन बसते.

एका रुग्णाच्या बाबतीत असेच घडले. त्यांच्या घरी जाण्याच्या कागदावर काढण्याची तारीख लिहिलेली नव्हती, आणि ही चूक आमच्या कार्यालयाची होती. आता प्रत्येक स्टेंटची नोंद स्वतंत्र वहीत, उसनवारीसारखी होते : बसविल्याची तारीख, काढण्याची तारीख, घरातील दोघांचे दूरध्वनी क्रमांक. स्टेंट निघाल्यावाचून ते खाते बंद होत नाही. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी आपला कागद आजच पाहावा. तारीख नसल्यास कार्यालयात कळवावे.